‘सराउंड’चा भिंत-तक्ता: कामाच्या नोंदी

हायस्कूलला इंग्रजी शिकवते, सांगलीजवळ. शाळेच्या व्हरांड्यात एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि जन्मकथा मोठ्या तक्त्यावर रंगवून लावायची असं ठरलंय. शब्द सराउंड, म्हणजे वेढणे. दुसऱ्या कुणा शिक्षकांना असं काही करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून काम चालू असतानाच नोंदी ठेवतेय, खर्चासकट.

११ जून

शब्द हाच का? आठवी-नववीच्या पोरांच्या वह्यांत एक टीप सापडते, कुठल्यातरी गाईडातून उतरवलेली: सर म्हणजे वर, राउंड म्हणजे गोल, म्हणून सराउंड म्हणजे गोल वेढा घालणे. ऐकायला इतकं बरोबर वाटतं की कुणी शंकाच घेत नाही, पण ते खरं नाहीये. सराउंडमधला ‘सर’ खरंच वरचा आहे, सरप्लस, सरचार्ज, सरफेस यात असतो तोच, लॅटिन ‘सुपेर’ फ्रेंचमधून येताना आखडला त्याचा. राउंडचा मात्र जन्माशी काही संबंध नाही. तिथे आहे ‘उंदा’, लॅटिनमध्ये लाट. सुपेर आणि उंदा मिळून ‘सुपेरउंदारे’, म्हणजे पाणी काठावरून वर येणं, ओसंडणं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं साधारण ‘सोरोंदेर’ झालं आणि १५व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत आलं तेव्हा सराउंडचा अर्थ होता पूर येणे, पाण्याखाली जाणे. वेढणे हा अर्थ १७व्या शतकाच्या सुरुवातीला दिसायला लागतो, म्हणजे मधली जवळजवळ दोनशे वर्षं हा शब्द पुराचाच होता.

कृष्णाकाठच्या पोरांना हे शिकवायचं नाही तर कुणाला शिकवायचं!

१४ जून

साहित्य आणलं. व्हरांड्यातल्या भिंतीवरच थेट रंगवायचं, फ्लेक्स नको, हे आधीच ठरवलेलं, कारण फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो आणि मग फाटका लटकत राहतो. प्रायमर आणि मास्किंग टेप मिळून ४१० रुपये.

१८ जून

भिंत फसली. टेप लावून चौकट आखली, प्रायमरचा एक हात मारला, आणि टेप ओढली तर चुन्याचे पोपडे टेपबरोबरच आले. खाली चुन्याचे जुने थर एकावर एक आहेत आणि त्यात पावसाळ्याची ओल. खरवडून, तारेच्या ब्रशने घासून, पुट्टी भरून परत करता आलं असतं, पण पेंटरकाका भिंतीला हात लावून म्हणाले, “मॅडम, ह्या दिवसात पुट्टी सुकायची न्हाई. दिवाळीनंतर सांगा, न्हाईतर प्लायवर घ्या.” प्लायवर घेतलं. ४१० गेले त्यातला उरलेला प्रायमर तेवढा कामी येईल. तुमच्या शाळेची भिंत चुन्याची असेल तर पावसाळ्यात हात लावूच नका.

२२ जून

प्लाय आला, आठ बाय चार, ६ एमएम, १,३५० रुपये. मागच्या बाजूलाही प्रायमर मारायला लावला. एकच बाजू रंगवली तर ओलीने फळी वाकते हे काकांचं म्हणणं, आणि शेजारच्या वर्गातला वाकलेला नकाशा बघून पटलं.

तोवर कागदावर मांडणी. नेहमीप्रमाणे झाड काढलं, मुळाशी लॅटिन, खोड फ्रेंच, फांद्या इंग्रजी. एका बाजूला उंदाची बाकीची मुलं: अबाउंड, अबंडंट, रिडंडंट, इनंडेट, अन्ड्युलेट. ही फांदी मस्त जमली, कारण सगळ्यांत पाणी उघड दिसतं. अबंडंट म्हणजे इतकं की ओसंडून वाहतंय, रिडंडंट म्हणजे उतू जाऊन परत फिरलेलं, गरजेपेक्षा जास्तीचं.

अडलं ते राउंडपाशी. राउंड झाडावर दाखवायचा कुठे? तो सराउंडचा बाप नाही, भाऊ नाही, जवळचा नातेवाईकही नाही. त्याचं मूळ लॅटिन ‘रोटा’, चाक, त्यावरून ‘रोटुंदुस’, चाकासारखा. पण त्याच्याशिवाय गोष्ट पुरीच होत नाही, कारण त्याच्याच आवाजाने सराउंडला ओढलं. लोकांना शब्दात राउंड ऐकू यायला लागलं आणि अर्थ हळूहळू गोल होत गेला. स्पेलिंगसुद्धा बदललं. जुन्या लिखाणात यात एकच ‘आर’ सापडतो, आणि सुपेरउंदारेच्या हिशोबाने एकच पाहिजे. दुसरा ‘आर’ राउंड वेगळा दिसावा म्हणून घुसला. आज पोरं स्पेलिंगमध्ये एक आर लिहितात आणि मी लाल शाईने दुसरा घालते तो हाच.

झाडात जन्म दाखवता येतो, मध्येच येऊन मिळणारा दाखवता येत नाही. मांडणी रद्द.

२५ जून

नवी मांडणी: नदी. हरिपूरला कृष्णेला वारणा मिळते ते इथल्या प्रत्येक पोराने बघितलंय, संगमानंतर नाव कृष्णेचंच राहतं पण पाणी दोघींचं असतं. तसंच काढायचं. वर दोन झरे, सुपेर आणि उंदा. ते मिळून मोठा प्रवाह, त्यावर ‘पूर येणे’. मध्ये डावीकडून रोटा-रोटुंदुस-राउंड हा दुसरा प्रवाह येतो आणि १६०० च्या आसपास मिळतो. संगमाच्या खाली ‘वेढणे’. उजव्या कडेला वर्षांची पट्टी, १४०० पासून खाली. दुसरा ‘आर’ संगमापाशी लाल रंगात.

वर्षांची पट्टी घातल्यावर एक जबाबदारी येते. प्रत्येक वर्षासमोर काहीतरी दाखवता आलं पाहिजे, नुसतं ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ म्हणून चालत नाही. त्यामुळे काम लांबलं, पण मला वाटतं तक्त्याची खरी किंमत तिथेच आहे.

२ जुलै

पट्टीसाठी पुरावे. यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला.

१६०१ साठी जे मिळालं ते वाचून मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या शेवटच्या पार्लमेंटचा कायदा आहे, तिच्या राज्याच्या ४३व्या वर्षातला. नावच लांबलचक, त्याचा सारांश असा: लाखो एकर दलदल आणि इतर जमिनी, ज्या नेहमी ‘सराउंडिंग’खाली येतात, त्या परत मिळवण्याबाबत. पुढे प्रदेशांची यादी: आयल ऑफ इली, केंब्रिज, हंटिंग्डन, लिंकन, नॉरफोक, एसेक्स, केंट आणि आणखी काही. इथे सराउंडिंग म्हणजे पाण्याखाली जाणं, दुसरा अर्थ बसतच नाही. हा काही कवीचा शब्द नाही, सरकारी कायद्याच्या शीर्षकातला आहे, म्हणजे तेव्हा जमीनदाराला, वकिलाला, शेतकऱ्याला हा अर्थ सरळ कळत होता.

त्यातला बराचसा प्रदेश म्हणजे पूर्व इंग्लंडमधला फेन्स, सपाट, सखल, दलदलीचा. तिथलं पाणी काढायचं मोठं काम १६३० च्या दशकात बेडफर्डच्या अर्लच्या पुढाकाराने सुरू झालं, इंजिनियर डच होता, कॉर्नेलियस वर्मायडेन. ओल्ड बेडफर्ड रिव्हर नावाचा सुमारे २१ मैलांचा सरळ कालवा त्याच कामातला, पुढे १६५१ मध्ये त्याला समांतर दुसरा काढला. दोन्हींच्या मधली पट्टी मुद्दाम मोकळी ठेवली, हिवाळ्यात जास्तीचं पाणी तिथे सोडायचं, आजही सोडतात. नववीच्या पोरांनी लगेच विचारलं की मॅडम आपल्याकडे असं का नाही करत. इंग्रजीचा तास तिथेच संपला, बाकीचा वेळ भूगोलाचा झाला आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

१६११ समोर: किंग जेम्स बायबलमध्ये यरीहो शहराला फेऱ्या घालण्याच्या प्रसंगात क्रियापद आहे ‘कंपास’. वेढण्यासाठी चांगला रुळलेला शब्द हा होता. त्यात ‘पासुस’ म्हणजे पाऊल, म्हणजे पावलांनी फेरी मारणे. पोरांच्या कंपासपेटीतला कंपास तोच.

१६६७ समोर: मिल्टनचं पॅरडाइज लॉस्ट. तिसऱ्या सर्गात आंधळा झालेला कवी म्हणतो की ढग आणि न संपणारा अंधार मला वेढून आहे, आणि तिथे क्रियापद सराउंड आहे. पाण्याचा थेंब नाही त्यात. १६०१ ते १६६७, सहासष्ट वर्षांच्या आत कायद्यातला पूर कवितेत काळोखाचा वेढा झाला. ही दोन टोकं पट्टीवर आली की मधलं फार समजवावं लागत नाही.

५ जुलै

काकांनी खडूच्या दोरीने रेघा मारल्या, मी पेन्सिलने नदी काढली. खर्च: एनॅमलचे छोटे डबे ४२० रुपये, ब्रश, टर्पेंटाइन, पॉलिश पेपर मिळून २३०, आणखी प्रायमर १६०.

९ जुलै

संगम बिघडला. निळा आणि पिवळा ओल्यात ओला मिसळून खाली हिरवा होईल असा बेत होता, पण हवेत एवढा दमटपणा की एनॅमल सुकेना आणि हिरवा ओघळून ‘वेढणे’च्या मात्रेवर आला. काकांनी टर्पेंटाइनने पुसलं, दोन दिवस फळी स्टाफरूममध्ये पंख्याखाली उभी. नंतर उपाय त्यांनीच काढला: मिसळायचंच नाही, निळा पूर्ण सुकू द्यायचा आणि त्यावर पिवळ्याच्या बारीक रेघा ओढायच्या. आधीच्या बेतापेक्षा हेच बरं निघालं, कारण दोन्ही पाणी वेगळं ओळखू येतं आणि गोष्ट नेमकी तीच आहे.

१३ जुलै

एक कोपरा संस्कृतच्या नातेवाइकांना दिला. इथे फार जपून लिहावं लागतं. सुपेरचा नातलग आपला उपरि, उंदाचा नातलग संस्कृत धातू उन्द् म्हणजे भिजवणे, त्याच घरातला उदक, समुद्रातला ‘उद’ तोच, इंग्रजी वॉटर आणि वेट तिथलेच. रोटाचा नातलग रथ. म्हणजे उपरि आणि उदक शेजारी ठेवले की सराउंडचा मूळ अर्थ मराठी पोराला शिक्षकाशिवाय कळतो.

पण हे लिहिलं की लगेच कुणीतरी म्हणतं, बघा इंग्रजी संस्कृतातून आली. तसं नाही. लॅटिन आणि संस्कृत या एका जुन्या भाषेच्या लेकी, एक दुसरीची आई नव्हे. म्हणून या कोपऱ्यात बाण काढलेच नाहीत, कारण बाण काढला की बघणारा ‘यातून ते निघालं’ असंच वाचतो. तुटक रेघ ठेवली आणि वर ‘बहिणी’ लिहिलं. मुख्याध्यापकांना बाण हवे होते, उठून दिसतात म्हणून. मी ऐकलं नाही.

१७ जुलै

मराठीची बाजू. वेढा, वेढणे हे संस्कृत वेष्ट् वरून प्राकृतातून आलेले, वेष्टन त्याच घरातलं. यात गुंडाळणं आहे, पाणी नाही. मग मला ‘परिसर’ आठवला. पोरांचं लहानपणीचं पुस्तक ‘परिसर अभ्यास’, इंग्रजीत सांगायचं तर सराउंडिंग्ज. परिसरात परि म्हणजे भोवती आणि धातू सृ, सरकणे, वाहणे. सरिता त्याच धातूची. म्हणजे इकडेही भोवतालच्या शब्दात वाहणं आहेच. दोन भाषांतला हा योगायोग आहे, नातं नाही, तसं तक्त्यावर स्पष्ट लिहिलंय.

२४ जुलै

आज काम काहीच झालं नाही, पाऊस. अर्धे विद्यार्थी आले नाहीत. सगळ्यांचं लक्ष आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे तिकडे, ४० फूट इशारा, ४५ धोका, हे आकडे इथे पाढ्यांसारखे पाठ असतात. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं होतं ते कुणी विसरलेलं नाही.

जी पोरं आली होती त्यांना मी एवढंच विचारलं की पूर येणे यावरून वेढणे हा अर्थ कसा झाला असेल. नदीकाठच्या गावातली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आमचं गाव उंचावर हाय. पाणी गावात येत न्हाई, पण चारी बाजूंनी येतं. रस्ता जातो. मग आम्ही पुरातच की.”

मी तिला ते दोनदा बोलायला लावलं आणि फळ्यावर लिहून घेतलं. व्युत्पत्ती सांगणारे राउंडच्या आवाजाकडे बोट दाखवतात आणि ते बरोबरच आहे, पण माझं मत असं झालंय की नुसत्या आवाजाने एवढा अर्थ सरकला नसता. सपाट मुलखात पाणी पसरलं की उंच जागा बेटासारख्या उरतात, आणि पुरात असणं आणि वेढ्यात असणं ही तिथल्या माणसाला एकच गोष्ट असते. त्या १६०१ च्या कायद्यात पहिलं नाव आयल ऑफ इलीचं आहे, आणि इली म्हणजे नेमकं तेच, दलदलीच्या मधली उंच जागा, म्हणून तर तिला आयल म्हणतात. आपल्या पेपरात दर पावसाळ्यात मथळा येतो, गावाला पुराच्या पाण्याचा वेढा. आपण दोन्ही अर्थ एका वाक्यात रोज वापरतो आणि आपल्याला काही विचित्र वाटत नाही. राउंडने दार ढकललं असेल, पण ते आधीच किलकिलं होतं.

संगमाच्या जरा वरती, नदीच्या मध्ये, एक छोटं बेट काढायचं ठरवलं. त्यावर घरं. आधीच्या मांडणीत नव्हतं.

३० जुलै

बेट काढलं. काकांनी त्यावर देवळाचं शिखर पण काढलं, मी म्हटलं काका हे इंग्लंडमधलं बेट आहे, तर म्हणाले, “असू द्या मॅडम, पोरांना कळायला पायजे.” मग शिखर पुसून इलीच्या कॅथेड्रलचा ठोकळेबाज आकार काढला आणि शेजारी दुसऱ्या छोट्या बेटावर देऊळ ठेवलं. भांडण मिटलं.

६ ऑगस्ट

तळाशी पट्टी: वेढण्याचे इंग्रजीतले बाकीचे शब्द. सगळे घेतले तर फळी पुरणार नाही म्हणून तीनच.

बिसीज. त्यातला सीज म्हणजे मुळात बसायची जागा, लॅटिन ‘सेदेरे’ बसणे, संस्कृत सद् त्याचा नातलग. सिद्दी जौहर १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालून बसला होता, हे वाक्य आपण म्हणतोच, ‘बसला’ हा शब्द पोरांच्या तोंडातून आपोआप येतो. बिलीगर. डच भाषेतला ‘लेगर’ म्हणजे छावणी, गावाभोवती छावणी टाकणे. आणि घेराव. हो, घेराव इंग्रजी शब्दकोशात आहे आणि क्रियापद म्हणूनही चालतो, १९६७ च्या सुमारास पश्चिम बंगालच्या कारखान्यांतल्या आंदोलनांमुळे इंग्रजी पेपरात शिरला आणि तिथेच राहिला. हा सगळ्यात जास्त आवडला पोरांना, आपल्याकडून तिकडे गेलेला म्हणून.

१२ ऑगस्ट

तक्ता लावला. नुसत्या खिळ्यांनी नको, ६ एमएमचा प्लाय खिळ्यापाशी फाटतो, मागे लाकडी पट्ट्या मारून त्याला हुक घातले. भिंत आणि फळीत बोटभर अंतर सोडलंय, वारा खेळला पाहिजे. खालची कड पोरांच्या कमरेच्या वर, नाहीतर दप्तरं घासून रंग जातो.

एकूण खर्च: प्लाय १,३५०, प्रायमर १६०, एनॅमल ४२०, ब्रश वगैरे २३०, काकांची मजुरी १,२००, बेरीज ३,३६०. भिंतीवर गेलेले ४१० वेगळे. हुक आणि पट्ट्या शाळेत होत्या. पैसे निम्मे शाळेने, निम्मे आम्ही शिक्षकांनी.

वेळेचं म्हणाल तर रंगकाम थोडक्यात होतं, सुकण्यात जातो तो वेळ जास्त. शक्य असेल तर हे सगळं एप्रिलमध्ये करा.

१९ ऑगस्ट

एका पालकांनी तक्ता बघून विचारलं की मग आता सराउंडचा अर्थ पूर येणे असा लिहिला तर मार्क मिळतील का. नाही मिळणार, आणि मिळूही नयेत, आजचा अर्थ वेढणे हाच आहे. हा प्रश्न बाकीच्यांनाही पडणार म्हणून संगमाच्या खाली ठळक अक्षरात ‘आजचा अर्थ’ असं लिहून घेतलं, आणि वरच्या भागावर ‘आता वापरात नाही’. तुम्ही केलात तर पहिल्यापासूनच लिहा.

पुढचा तक्ता ‘कंपाउंड’चा. शाळेचं कंपाउंड म्हणतो तो शब्द, बहुतेक अभ्यासकांच्या मते, मलय भाषेतल्या ‘कांपुंग’ म्हणजे वस्ती, वाडी यावरून आलाय, रसायनशास्त्रातल्या कंपाउंडशी त्याचं नातं नाही, फक्त आवाज जुळला. यातही एक प्रवाह दुसऱ्याला मिळतो, म्हणून नदीचीच मांडणी चालेल, फळी निम्मी पुरेल. सायन्सचे सर रसायनाची बाजू बघणार आहेत. रंग दिवाळीच्या सुट्टीनंतर.